नातवाला पाच गुण

प्रसूती विभागात तिला सगळे मास्तरीण म्हणत. शाळेत तिने एक दिवसही शिकवलं नव्हतं. नर्सिंग शिकून जी बाळंतपणाच्या खोलीत शिरली ती केस पिकले तरी तिथेच. पण जन्मलेल्या प्रत्येक बाळाला तिथे गुण द्यायचे असत आणि ते देताना तिचा हात असा काही आखडायचा, की हसरी एकदा वैतागून म्हणाली, "अगं, जरा सढळ हाताने दे की! तुझ्या घरचे जातायत का? काय मास्तरीण आहेस!" तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

हसरी म्हणजे तिची जोडीदारीण. दोघी एकाच वर्षी कामाला लागलेल्या, डबाही एकत्र खायच्या, पण स्वभाव म्हणाल तर एकीचं तोंड पूर्वेला तर दुसरीचं पश्चिमेला. कळांनी तळमळणाऱ्या बाईलाही हसरी हसवायची. तिच्या हातून जन्मलेलं जवळपास प्रत्येक बाळ नऊ गुण घेऊनच जगात यायचं. "नऊ लिहिलं की आई खूश, बाप खूश, वरचे साहेबही खूश. कोणाच्या बापाचं काय जातं?"

गुण द्यायची रीत तशी सोपी. बाळ बाहेर आलं की मिनिटभराने त्याच्याकडे नीट बघायचं. अंग गुलाबी आहे का निळं? ठोके कसे आहेत? श्वास चाललाय का? हातपाय आवळून घेतंय का चिंधीसारखे सोडून दिलेत? तळव्याला टिचकी मारली तर तोंड वेडंवाकडं करून भोकाड पसरतंय का? एकेका गोष्टीला फार तर दोन गुण. मग पाचव्या मिनिटाला पुन्हा तेच. सातच्या खाली गुण मिळालेल्या बाळांची चर्चा दर शनिवारी मोठ्या डॉक्टरबाई सगळ्यांना बसवून करत. साहेबांच्या कचेरीत मात्र चर्चा वेगळीच असे: कुठल्या विभागात कमी गुणांची बाळं जास्त निघाली एवढंच तिथे बघत, आणि मास्तरणीच्या पाळीमुळे या विभागाचा नंबर नेहमी खाली.

तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं. बाई शिस्तीची. टाकीचं झाकण लावलेलं नसलं तरी तिला दिसायचं. मध्यंतरी बाळाला श्वास द्यायची पिशवी कोणीतरी लंपास केली. पिशवी म्हणजे रबरी फुगा आणि त्याला जोडलेला इवलासा मुखवटा. आपणहून श्वास न घेणाऱ्या बाळाच्या नाकातोंडावर तो धरून फुगा दाबत राहायचं. नवी पिशवी आली तशी मास्तरणीने ती कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप घातलं आणि चावी आपल्या खिशात टाकली. "आता बघते कशी जाते ते," ती म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

तिचा एकुलता एक मुलगा वायरमन होता आणि सून औषधांच्या दुकानात हिशेब बघायची. सुनेला दिवस गेले तेव्हा विहीणबाईंचं मत होतं की पोरीला चांगल्या खासगी दवाखान्यात न्यावं. विहीणबाईंचं शिवणाचं दुकान होतं, चार बायका हाताखाली होत्या, आणि शब्द खाली पडू द्यायची त्यांना सवय नव्हती. पण सूनच म्हणाली, "आईंच्या हाताखालची माणसं आहेत तिथे. मला तिथेच बरं वाटेल."

एका सकाळी कळा सुरू झाल्या. विभागाचा नियम होता की घरच्या माणसाच्या बाळंतपणात नर्सने आत थांबायचं नाही. नियम मोडणं मास्तरणीच्या रक्तातच नव्हतं. सुनेच्या कपाळावरून हात फिरवून ती बाहेर आली आणि विहीणबाईंच्या शेजारी बाकावर बसली. आत हसरी होती, एक डॉक्टर होते. काळजीचं काही कारण नव्हतं.

दुपार कलायला लागली तरी बाळाचा पत्ता नाही. विहीणबाई दर थोड्या वेळाने दाराकडे बघत आणि सुस्कारा सोडत. अखेर आतून "आलं, आलं!" असं ऐकू आलं. मास्तरणीने कान टवकारले. या आवाजानंतर रडणं यायला हवं, हे तिला आयुष्यभराच्या सवयीने माहीत होतं. रडणं आलं नाही. खाडकन दार उघडलं. हसरी दारात उभी, चेहऱ्यावर हसण्याचा मागमूस नाही.

"चावी! कपाटाची चावी दे!"

मास्तरीण ताडकन उठली. चावी खिशात होती, पण रुमालात गुंतलेली. ती सोडवण्यात काही क्षण गेले. तिने आत धावत जाऊन कुलूप उघडलं, पिशवी डॉक्टरांच्या हातात दिली आणि बाजूला झाली. नातू टेबलावर पडला होता. ठोके होते, पण अंग निळं. श्वास मध्येच एक, मध्येच एक. हातपाय जेमतेम वाकलेले. डॉक्टरांनी फुगा दाबायला सुरुवात केली. सून मान वळवून विचारत होती, "रडत का नाही? आई, तो रडत का नाही?" मास्तरणीने फक्त सुनेचा हात धरला.

मग बाळाने तोंड वाकडं केलं, आचका दिल्यासारखं केलं आणि बारीक आवाजात रडायला लागलं. हळूहळू रंग चढला. हसरीने डोळे पुसले आणि कागद पुढे ओढून लिहिलं, नऊ.

"हसरे, काय लिहिलंस?"

"नऊ. तुझा नातू आहे बाई! आता रडतोय ना चांगला?"

"आत्ताचे गुण पुढच्या रकान्यात लिही. पहिल्या मिनिटाला पाच होते. खोड ते."

हसरीने नऊवर रेघ मारली आणि पाच केले. पाचव्या मिनिटाचे आठ झाले, ते मात्र खरे आठ होते.

बाहेर ही बातमी कशी पोचली कोण जाणे. विहीणबाईंचा पारा चढला. "लोक परक्याच्या पोराचं कौतुक करतात, आणि तुम्ही स्वतःच्या नातवाला नापास केलंत? जन्मल्या जन्मल्या?" कामावरून आलेला मुलगाही कानकोंडा झाला. "आई, एवढं काय अडलं होतं गं?" असं पुटपुटला. सून बाळाला घेऊन भिंतीकडे वळली, आणि तेच मास्तरणीला जास्त लागलं.

"अहो, हे गुण त्याचे नाहीत, आमचे आहेत," ती विहीणबाईंना म्हणाली. "आईची आणि बाळाची आम्ही कशी काळजी घेतली, त्याचे." विहीणबाईंनी मान फिरवली. दवाखान्यातून सुटी मिळाल्यावर त्या लेकीला आणि नातवाला घेऊन तडक आपल्या घरी गेल्या.

पाच गुण म्हटल्यावर शनिवारी नातवाची पाळी आलीच. मोठ्या डॉक्टरबाईंनी नेहमीसारखं एकेक विचारलं. कळा किती वेळ चालल्या, बाळाचे ठोके मध्ये ऐकले होते का, नाळ मानेभोवती अडकली होती का. मग म्हणाल्या, "पिशवी लगेच लावली?"

हसरीने मान खाली घातली.

"नाही लावता आली," मास्तरीण म्हणाली. "पिशवी कुलपात होती. कुलूप मी घातलं होतं आणि चावी माझ्या खिशात होती. मी दाराबाहेर होते."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "त्या दिवशी तुम्ही दवाखान्यात नसता, घरी असता तर?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न मास्तरणीने स्वतःला एकदाही विचारला नव्हता. आजवर तिने लोकांच्या बाळांना कमी गुण दिले, कारणं शोधली. आणि आपलंच कुलूप डोळ्यांसमोर लटकत होतं, ते तिला दिसलं नव्हतं. हसरीचे नऊ तसेच राहिले असते तर ते आजही लटकत राहिलं असतं.

बैठक संपल्यावर तिने कुलूप काढून टाकलं आणि पिशवी टेबलाच्या डोक्याशी खिळ्यावर टांगली. पुढच्याच महिन्यात तीही पिशवी चोरीला गेली. हसरी म्हणाली, "घ्या! आता?" मास्तरीण म्हणाली, "आता दोन मागव."

पण तो महिना उजाडायच्या आत तिने आणखी एक काम उरकलं. ती विहीणबाईंच्या घरी गेली. शिवणयंत्रं थांबली होती, बायका जेवायला गेल्या होत्या, सून आतल्या खोलीत बाळाला पाजत होती. मास्तरणीने दोघींसमोर आढेवेढे न घेता सगळं सांगितलं. कुलूप, चावी, रुमाल.

"हे तुम्ही न सांगतासुद्धा चाललं असतं की," विहीणबाई म्हणाल्या. "आम्हाला कुठून कळणार होतं?"

"म्हणूनच आले."

सुनेने बाळाला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटलं. "आई, त्याला काही झालं नाही ना?" तिने विचारलं. "खरं सांगा."

"आत्ता तरी काही दिसत नाही. दोनदा तपासलाय. पण वर्ष-दोन वर्षं लक्ष ठेवायला हवं, हेही खरं आहे."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, रागही दिसला, आणि मास्तरणीने दोन्ही मुकाट्याने सोसलं. मग सून म्हणाली, "उद्या वजन करायला न्यायचाय. तुम्हीच घेऊन चला."

त्या दोघींमधलं सगळं एका दिवसात सुरळीत झालं असं नाही. विहीणबाई तर पुढेही वर्षभर टोमणे मारत होत्या. मात्र दुकानातल्या एका बाईचे दिवस भरले तेव्हा त्यांनी तिला मास्तरणीच्याच विभागात पाठवलं. "बाई फटकळ आहे, पण झाकूनपाकून ठेवत नाही," असं सांगून.

नातू वेळेवर बसला, वेळेवर चालला. बोलायला मात्र उशीर झाला. मास्तरीण त्याला मोठ्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली, कान तपासून आणले, आणि घरी येऊन त्याच्याशी तासन्‌तास बोलत बसली. एका दुपारी सून दुकानातून परत आली तर पोरगं आजीच्या चष्म्याची काडी ओढत "दे, दे" म्हणत होतं, आणि आजी चष्मा काही केल्या सोडत नव्हती, कारण सोडला असता तर पोरगं ते म्हणायचं थांबलं असतं.