शेंदरी फटफटी

कामशेत मागं पडून बराच वेळ झाला होता आणि अंबाजीच्या डोक्यावर फटफटी होती.

लोक फटफटीवर बसतात. फटफटी डोक्यावर घेऊन, नव्या वहाणा चावतात म्हणून त्या हातात धरून, अनवाणी पायांनी पवनेकडं निघालेला अंबाजी हा मावळातला पहिलाच गृहस्थ असावा. मागून त्याची थोरली बहीण मुक्ताबाई करंज्यांचा डबा घेऊन चालली होती. एक यष्टी दोघांच्या अंगावर धूळ उडवून पुढं गेली.

"अरं, हात तरी करायचास," मुक्ताबाई म्हणाली. "यष्टीत कोंबड्या बसत्यात, बोकड बसत्यात. तुज्या फटफटीलाच काय लाज वाटती?"

"गर्दीत कुनी कोपर मारला तर आरसा तुटंल, आक्का. काडीएवढ्या दांडीवर हाय त्यो."

"तुटला तर काय बिगाडलं? जावयाचं निस्तं नाक मावंना त्यात."

पाटीत, टॉवेलाखाली, ती फटफटी होती. तान्ह्या पोराएवढी, प्लास्टिकची.

अंबाजी खंडाळ्याच्या एका बंगल्यावर माळी होता. माळी म्हणजे झाडांना पाणी घालणारा, असं शेठना मुंबईत बसून वाटायचं. इकडं तो कौलं शाकारी, नळ गळला तर बांधी, फाटकं रंगवी आणि पाहुण्यांच्या कुत्र्यांना फिरवून आणी. फेकून देणं मात्र त्याला कधी जमलं नाही. त्याच्या खोलीत दांड्याविना छत्री होती, छत्रीविना दांडा होता, आणि दोन्ही एकमेकांना बसत नव्हते तरी तो आशा सोडत नव्हता.

उन्हाळ्यात शेठच्या पुतण्यानं जपानहून एक मोठा खोका आणला. आत मोटरसायकलचे सुटे तुकडे होते, काड्यांना लटकलेले, शेवग्याच्या फुलांसारखे. जोडायचे, रंगवायचे, आणि मग कपाटावर ठेवून बघत बसायचं. शिकलेल्या लोकांची करमणूक. दोन दिवस पुतण्या त्याच्याशी झगडला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "माळी, कचऱ्यात टाक." अंबाजीनं तो खोका नेऊन कॉटखाली ठेवला.

त्याच वैशाखात अंबाजीच्या लेकीचं, नंदाचं लग्न झालं होतं. जावई बजरंग पवनेकाठचा, पिंपरीच्या कारखान्यात कामाला. पगार बरा, मिजास त्याहून बरी. नंदा गौरीला माहेरी आली आणि मागून निरोप आला: दिवाळसणाला येईन तर फटफटीवर बसूनच येईन, सासऱ्यानं बघून घ्यावं. तोवर नंदा तिकडंच राहू दे. गृहस्थाला सायकल सरळ चालवता येत नव्हती, एकदा तर उभ्या बैलगाडीवर जाऊन आदळला होता. पण मागताना माणसानं मन मोठं ठेवावं.

गौरी गेल्या, नवरात्र गेलं. पाणवठ्यावर बाया मायेनं विचारू लागल्या, "नंदे, अजून हाईस व्हय गं?" दिवाळसणाला जावई आला नाही, तर हे विचारणंही थांबणार होतं. टाकलेल्या पोरीला कुणी काही विचारत नाही. नंदा घागर घेऊन भर दुपारी, पाणवठा रिकामा असताना जाऊ लागली.

अंबाजीनं कॉटखालचा खोका ओढला. कागद जपानी, पण चित्रं सगळ्यांच्या भाषेतली. दाढीच्या पात्यानं तुकडे सोडवले, काटा काढायच्या चिमट्यानं साखळीची कडी न् कडी गुंफली. खंडाळ्याच्या ओलीत डिंक वाळेना म्हणून मागचं चाक चुलीच्या वैलावर धरलं, तेव्हा चाकावरचा पत्रा किंचित वितळून वाकला. "आतापासनं अपघात झाल्याली," बायको म्हणाली. काळा रंग फाटकाचा, चंदेरी पन्हाळीचा. कुंचला म्हणून शेठाणीनं टाकलेला भुवयांचा ब्रश. चाकं फिरत होती, हँडल वळत होतं. मग त्यानं जावयाला निरोप धाडला, फटफटी घेऊन येतो.

"तितं गेल्यावर बोलनार काय तू?" मुक्ताबाईनं विचारलं.

"म्हनीन, रोज पानी घाला, मोठी व्हईल. मी माळी हाय, येवडंच सांगू शकतो."

ती हसली नाही. भाची तिच्याच मांडीवर वाढलेली, आणि हे स्थळही तिनंच काढलेलं. सकाळी दिवा लावताना तिनं भैरोबाला एवढंच म्हटलं होतं, पोरीला आपल्या घरी जाऊ दे.

वाटेला आंबेमोहोर भात पिकून उभा होता. बांधावर एक म्हातारी विळा टेकून उठली. अनवाणी माणूस, डोक्यावर झाकलेली पाटी. तिनं डोईवर पदर घेतला.

"कुनाचा द्येव चाल्लाय, बाबा?"

"जावयाचा," अंबाजी म्हणाला.

म्हातारीनं हात जोडले आणि भाताच्या चार लोंब्या पाटीत ठेवल्या. मुक्ताबाई ओशाळून पुढं झाली, तेव्हा तिला टॉवेलाच्या कडेला केशरी डाग दिसला.

"अंबू, ह्यो कसला रंग?"

"टाकीचा. खोक्यावरच्या चित्रात टाकी लालभडक हाय. लाल रंग डब्यात वाळून दगड झाल्ता. मंग शेंदूर घेतला. तेलात कालवला अन् लावला."

ती रस्त्यातच थांबली. "शेंदूर? देवाचा?"

"दुकानातला."

"दुकानातलाच देवाला लागतो, मेल्या! शेंदूर लावला की धोंड्याचा देव हुतो, ठावं न्हाई का तुला? आन् तू खेळन्याला फासलास!"

"वाळलाबी न्हाई तो," अंबाजी म्हणाला. त्याला तेवढीच खंत होती.

मुक्ताबाईनं पुढची वाट मनातल्या मनात क्षमा मागत काढली.

बजरंगनं तयारी चोख ठेवली होती. गोठ्यातली म्हैस बाहेर चिंचेखाली बांधून फटफटीला जागा केली होती. स्वतः पांढरी पँट आणि काळा चष्मा घालून ओट्यावर उभा होता. निम्मं गाव अंगणात जमलं होतं. कान रस्त्याकडं लावून सगळे फटफट ऐकत होते. आली ती दोन माणसं, चालत.

"फटफटी कुटं हाय, मामा?"

अंबाजीनं पाटी उतरवली, टॉवेल काढला.

क्षणभर फक्त म्हैस बोलली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "बजा, चष्मा काढ, मंग दिसंल." अंगण हशानं फुटलं. बजरंग तांबडालाल झाला. "माजी थट्टा करता?" म्हणत त्यानं दोन्ही हातांनी फटफटी उचलली आणि आपटायला डोक्यावर नेली. मुक्ताबाईनं डोळे मिटले. नंदाचा संसारच तिला वर धरलेला दिसला.

"बजाऽ!" आतून त्याची आई विठाबाई धावत आली. "ठेव खाली! वहाना काढ आदी! शेंदूर हाय त्यो!"

बजरंगनं हात पाहिले. दहाही बोटं केशरी. पायांत वहाणा, हातांत शेंदूर लावलेली वस्तू, आणि ती आपटायला उचललेली. अंगणातलं हसणं विझलं. एका बाईनं तर हात जोडलेसुद्धा.

विठाबाईनं पदरात घेऊन फटफटी आत नेली आणि देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवली. लोंब्याही तशाच वाहिल्या. बाहेर येऊन तिनं ओट्यापलीकडं पाहिलं. तिकडं तिचं भात कापणीला आलं होतं, लोंब्या झडायला लागल्या होत्या, आणि कापणारी सून खंडाळ्यात बसली होती. देवाची इच्छा काय आहे, हे विठाबाईला फार लवकर कळलं.

"देवानंच घरात फटफटी धाडली," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आता मानसाकडं दुसरी मागायची व्हय? बजा, दिवाळसनाला जायाचं. पाडवा झाला की सुनेला संगं घिऊन यायचं."

"पर आये, फटफटी..."

"लोकलनं जा. हात नगं लावू पँटीला!"

बजरंग दोन्ही हात लांब धरून उभा राहिला. चष्मा नाकावरून घसरत होता आणि तो वर करायची सोय नव्हती. अंबाजी मान खाली घालून वहाणांशी चाळा करत होता.

परतीच्या वाटेवर रिकामी पाटी मुक्ताबाईच्या काखेत होती. म्हातारीच्या बांधापाशी अंबाजी थांबला. म्हातारी घरी गेली होती. त्यानं कापलेल्या वाफ्याकडं पाहून उगाच हात जोडले, मग टॉवेलानं नाक पुसलं. नाक केशरी झालं.

"आक्का," तो म्हणाला, "मला देवाशी बोलता येत न्हाई, तुला म्हाईत हाय. उद्या दिवा लावशील तवा भैरोबाला माज्यासाठी येवडं सांग. म्हनावं, अंबाजीनं थट्टा केली ती जावयाची. तुजी न्हाई. लाल रंग वाळून गेल्ता, खरंच."