आठवत नाही म्हणायला शिकलो

डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "काका, आल्यापासून तुम्ही मला हसवताय. पण एकाही प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाहीत."

खरं होतं. आज वार कुठला विचारलं, तर मी म्हटलं, बाई, वार नोकरदारांना, केळीला कसला रविवार. पाच शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले, तर म्हटलं, तुम्हीच सांगितले आणि तुम्हीच विसरलात? नर्स तोंड दाबून हसली. मला वाटलं, पास झालो. मी दुसरीत शाळा सोडलेला माणूस, पास होणं कसं असतं मला काय ठाऊक.

"याला माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट म्हणतात," त्या म्हणाल्या. म्हणजे वयाच्या मानानं विसरणं जास्त, पण माणूस आपलं आपण सगळं करतो. काहींचं वाढतं, काहींचं तिथंच थांबतं. माझं काय होईल, ते कुणी सांगू शकत नाही.

मला राग आला. आजाराचा नाही, बाईंचा. आख्ख्या आगाशी गावानं मला कधी पकडलं नव्हतं, त्यांनी चहा गार व्हायच्या आत पकडलं.

मुळात मी विरारच्या त्या हॉस्पिटलात गेलो तो आडवा होऊन. सकाळी आमच्या सुमननं विचारलं होतं, "अहो, साखरेची गोळी घेतलीत का?" मी म्हटलं, घेतली, तुझ्या वाटची पण घेतली. ती हसली. मला खरंच आठवत नव्हतं. म्हणून गुपचूप परत घेतली, आणि बहुतेक त्यानंतर पुन्हा एकदा. दुपारी वाडीत केळीच्या बुंध्याशी पडलो. हायपोग्लायसेमिया, म्हणजे रक्तातली साखर एकदम उतरणं. मी सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली गोड केळी विकतो. गोडाचा धंदा करणारा साखर कमी होऊन पडला, याच्यावर गावात माझ्यापेक्षा चांगले विनोद झाले.

मग तपासण्या. एमआरआय, म्हणजे नळकांड्यात घालून डोक्याचे फोटो. थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह. बाहेरच्या बाकावर सगळी माझ्याच वयाची, आणि प्रत्येकाशेजारी तोंड पाडून बसलेला एक मुलगा. माझा प्रशांतही तसाच. घरी येताना रिक्षात म्हणाला, "बाबा, आता बाजार बंद."

बाजारातली ती जागा माझ्या बापाची. तिथं बसायचं नाही, तर मी कशाला उठायचं सकाळी?

बाईंनी सांगितलं होतं, रोज चाला, माणसांत राहा, साखर-बीपी सांभाळा, डोक्याला नवीन काम द्या, नुसत्या कोड्यांनी काही होत नाही. आमच्या घरानं यातली फक्त कोडी ऐकली. प्रशांतनं सुडोकूचं पुस्तक आणलं. सून चहाचा कप हातात धरून उभी राहायची: "बाबा, काल भाजी कुठली होती? शंभरातून सात काढत या." अगं, डोकं शाबूत होतं तेव्हाही मला ते जमलं नाही. एकदा चिडून तसाच उठलो, बिनचहाचा. मग दिवसभर डोकं दुखलं, तर म्हणे आजार वाढला.

पाहुण्यांचं तर विचारूच नका. येतील, हात घट्ट धरतील, दात काढतील. "ओळखा बघू मी कोण?" मेल्यांनो, तुमचं नाव तुम्हाला माहीत आहे ना? मग सांगा की. आजारी माणसाला परीक्षेला बसवून तुम्हाला काय मिळतं? मी आपला म्हणायचो, "तुला कोण विसरेल, बापाचंच नाक आहे." सगळे खूश. कोणाचा बाप, कसलं नाक.

पुढच्या खेपेला बाईंना हे सांगितलं, मोठ्या फुशारकीनं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हा तुमचा व्यायाम. आठवलं नाही की आधी म्हणायचं, आठवत नाही. नाव विचारायचं, ते दोनदा म्हणायचं. मग काय करायचा तो विनोद करा."

"हा कसला व्यायाम?"

"तुमच्यासाठी सगळ्यात जड."

जडच होता. दुसऱ्या दिवशी सुमननं गोळीचं विचारलं. विनोद अगदी ओठावर आलेला. गिळला. म्हटलं, "आठवत नाही." ती आत गेली. मग वारांच्या खणांची डबी आणून उघडली. त्या दिवसाची गोळी डबीतच होती. तिनं ती माझ्या तळव्यावर ठेवली.

काही महिन्यांनी प्रशांत कसाबसा तयार झाला. आई शेजारी बसणार असेल तर एक दिवस बाजार. मी सुकेळी मांडली, अळूच्या जुड्या लावल्या. तासाभरात एक माणूस आला, पांढरा शर्ट, हात कमरेवर. "काय, ओळखलं का?"

चेहरा ओळखीचा. नाव कोरं. नाकाचं वाक्य तयार होतं. सुमन माझ्याकडे बघत होती.

"नाही आठवत. नाव सांगा."

तो माझा व्याही निघाला. होळी गावचा हरेश्वर, आमच्या लेकीचा सासरा. लग्नात मी ज्याच्या खांद्यावर बसून नाचलो तो. "मस्करी पुरे," म्हणाला. मी म्हटलं, मस्करी नाही. तो तडक निघून गेला. संध्याकाळी लेकीचा फोन, रडारड, सासरे जेवले नाहीत म्हणे. प्रशांत म्हणाला, "बघितलंस आई? हे व्याह्याला विसरतात. यांना बाजारात बसवायचं?"

सुमन अळू बांधत होती. म्हणाली, "वर्षभर हे मला हसवून फसवत होते, तेव्हा तू निवांत होतास. मला तेव्हाच्या आठवणीनं अजून झोप लागत नाही. आता नाही आठवलं तर नाही म्हणतात. उद्यापासून एकटे बसू देत."

प्रशांत आत निघून गेला. मी अळूची पानं तिच्याकडे सरकवली. तिचे आभार मानायला गेलो असतो तर त्यातही विनोद केला असता.

आता मी एकटा बसतो. आजार गेलेला नाही, बाई सहा महिन्यांनी परत बघतील. ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांना एवढंच सांगतो: कोडी आणा, पण घराची शाळा करू नका. आणि भेटलात की आपलं नाव आधी सांगा, तोंड झिजत नाही.

व्याही अजून रागात आहे. शनिवारी बाजाराला येतो, समोर उभा राहतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव सांगतो. मी ते दोनदा म्हणतो आणि त्याला बसायला पाट सरकवतो.