उंच फ्रेट की बुटके

चिकूच्या वाडीत शिडीवरून पडलो आणि डाव्या हाताचं मधलं बोट मोडलं. हाड जुळलं, पण जोर परत आला नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बारा वर्षं बेस गिटार वाजवलेली. आता जाड तारा दाबताना सूर बिघडायचा. म्हणून माझ्या हाताला सोसेल अशी नवी नेक, म्हणजे गिटारीची तारांखालची लांब दांडी, करून घ्यायचं ठरवलं. तलासरीत एक मिस्त्री होते. आधी फर्निचर करायचे, आता गिटारी.

"फ्रेट कसले घालू?" त्यांनी विचारलं. नेकवर आडव्या बसवतात त्या धातूच्या पट्ट्या उंच हव्यात की बुटक्या, निकेलच्या की स्टीलच्या?

"उंच," मी म्हटलं. "कमी दाबावं लागेल."

नरपडला घरी पोहोचेपर्यंत मन फिरलं. फोन करून म्हटलं, बुटकेच घाला, सवय तीच आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा उंच. धातूचंही तेच. खाऱ्या हवेनं जुन्या निकेलवर हिरवट डाग पडले होते. पण स्टीलचा आवाज कर्कश येईल, ही धास्ती. जेवतानाही माझी बोटं ताटाच्या कडेवर दाबत असायची.

चौथ्या फोनला मिस्त्री म्हणाले, "दादा, बोलणं पुरे. इकडे या."

त्यांनी दुसऱ्या कुणाची तरी उंच फ्रेटची बेस हातात दिली आणि सूर चढला की उतरला ते दाखवणारा ट्यूनर लावला. मी तार दाबली. सूर चढला. पुन्हा दाबली, पुन्हा चढला.

"केवढा जोर लावताय," ते म्हणाले. "बोट कमजोर नाहीये तुमचं. घाबरून पिळताय तुम्ही."

राग आला. बाहेर येऊन हायवेवरचे ट्रक बघत उभा राहिलो. बोट बरं झालंय, असं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलं होतं. ते मी घरातही बोललो नव्हतो. लोकांसमोर चुकण्यापेक्षा बोटाचं कारण सोपं होतं.

आत जाऊन म्हटलं, "मध्यम उंचीचे. स्टीलचे."

"उद्या बदलणार?"

"बदलायच्या आत बसवून टाका."

स्टीलनं कानस झिजवली म्हणून ते कुरकुरले, पण नेक सुरेख झाली. मसोलीतल्या एका हळदीत पहिल्या गाण्यात माझे दोन सूर चढले. ड्रमवाल्यानं मान वळवून पाहिलं. दुसऱ्या गाण्यात मी बोट सैल सोडलं. सूर जागेवर राहिला. बोटातली भीती मात्र पायात उतरली; कार्यक्रम संपेपर्यंत तो स्थिर नव्हता.