हिस्केची लाल चौकट

हिस्के वाल्डा फ्रीसलंडमधल्या ड्राख्टन गावातल्या आमच्या ऑफिसात आली, तेव्हा तिची चाळिशी कधीच उलटून गेली होती. त्याआधी तिनं एकच काम केलेलं, कालव्यावरचा पूल उघडायचा आणि मिटायचा. बोट आली की गाड्या अडवायच्या, पूल वर घ्यायचा, आणि गळाच्या काठीला दोरीनं बांधलेला लाकडी बूट खाली बोटवाल्यासमोर सोडायचा. त्यात तो पुलाच्या टोलचे सुटे पैसे टाकी. पुढे सगळ्या पुलांवर कॅमेरे बसले आणि शहरातल्या एका खोलीतून कुणीतरी बटणं दाबू लागलं. हिस्केला निरोपाचा केक मिळाला.

मुलाखतीला आमच्या जुन्या साहेबांनी विचारलं, "सर्व्हरमधलं काय येतं तुला?"

"काही नाही. पण पूल उघडाय का बंद, ते आजवर सांगत आले. तुमचं यंत्र चालू का बंद, हे सांगायला असं काय मोठं लागतंय?"

साहेब हसले आणि तिला घेतलं. मी सिप्के, माझी खुर्ची तिच्या शेजारी. समोर भिंतभर स्क्रीन. आमच्याकडे ज्यांच्या वेबसाइट होत्या त्यांची एकेक चौकट त्यावर: बेटांवर जाणाऱ्या बोटीची तिकिटं, वाचनालयं, दूधवाल्यांची सोसायटी, घरोघर जाणाऱ्या परिचारिकांची संस्था. दर मिनिटाला आमचं यंत्र प्रत्येकाचं दार ठोठावी. उत्तर आलं की चौकट हिरवी, नाही आलं की लाल. लाल झाली की हिस्के फोन उचलायची आणि समोरच्यानं विचारायच्या आत सांगायची, "तुमचं बंद पडलंय. आम्ही लागलोय कामाला." हीच माहिती लोकांसाठी इंटरनेटवरही दिसे. हिस्के वर्षभरात सगळं शिकली. काही अडलं तर निर्लज्जपणे विचारायची, आणि मी वैतागलो तर म्हणायची, "सिप्के, तोंड वाकडं करून शिकवलंस तरी चालेल. पण शिकव."

मग जुने साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी उट्रेख्ट शहरातून डीडरिक आला. माणूस गोड बोलणारा, कपडे झकास. दुसऱ्याच आठवड्यात म्हणाला, "ही भिंत उगाच घाबरवते. मिनिटभर काही पडलं तर लगेच बोंब कशाला मारायची?" त्यानं दार ठोठावणं दहा मिनिटांवर नेलं, आणि लागोपाठ तीनदा उत्तर नाही आलं तरच लाल, असा नियम केला. भिंत एकदम हिरवीगार झाली. दुरुस्त काहीच झालं नव्हतं.

"हे बरोबर नाही," हिस्के म्हणाली.

"आकडे बघ ना, किती सुधारलेत!"

"ताप मोजायचा सोडला की ताप उतरतो, तसंच ना हे?"

डीडरिक हसला. "तुम्ही फ्रीसलंडची माणसं! डोकं म्हणजे नुसता ओंडका!"

"हो," ती म्हणाली. "आणि पाण्यात तरंगतो."

तोवर ही थट्टाच होती. हिवाळ्यात एका सकाळी परिचारिकांच्या संस्थेतून आफ्केचा फोन आला. आवाज रडवेला. ती सायकलवरून एका म्हाताऱ्याकडे इन्सुलिन द्यायला गेली होती. पहाटेच्या परिचारिकेनं आधीच टोचलं होतं की नाही, ते त्यांच्या वेबसाइटवर बघायचं, आणि ती उघडत नव्हती. म्हाताऱ्याला आठवत नव्हतं. आफ्केनं आमचं पान पाहिलं, तर तिथे हिरवं. तिला वाटलं, आपलाच फोन बिघडला. तो बंद कर, चालू कर, शेजारणीचा मागून आण, यात तिचा वेळ गेला. शेवटी तिनं न टोचता डॉक्टरांना बोलावलं. म्हातारा वाचला, पण दुपारपर्यंत हॉस्पिटलात होता.

"तुम्ही हिरवं कसं काय दाखवता हो?" आफ्के विचारत होती. "मला माहीत असतं तर पहिल्या मिनिटाला पहाटेच्या मुलीलाच फोन केला असता मी!"

हिस्केनं फोन ठेवला आणि सरळ डीडरिकच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"दर मिनिटाचं परत कर."

"हिस्के, शुक्रवारी पाहुणे येतायत. मोठं काम मिळतंय आपल्याला. त्यानंतर बघू."

"त्यानंतर नाही. आत्ता."

"इथला साहेब कोण आहे?"

"तूच. म्हणून तर तुला सांगतेय."

त्यानं काही केलं नाही. मग हिस्केनं केलं. जागेवर येऊन बसली आणि परिचारिकांच्या त्या एका चौकटीचं ठोठावणं परत मिनिटावर आणलं. लपूनछपून नाही. ऑफिसातल्या सगळ्यांना तिनं लिहून कळवलं की हे मी केलंय आणि यासाठी केलंय.

शुक्रवारी पाहुणे आले. ऑरेंजकेक कापला, कॉफी झाली. डीडरिक त्यांना भिंतीसमोर घेऊन आला आणि नेमकी त्याच वेळी ती चौकट लाल झाली. तो हिस्केच्या कानाशी वाकला. "नियोजित दुरुस्ती असं टाक. पटकन."

"नियोजित?" हिस्के मोठ्यानं म्हणाली. "कुणी नियोजली?"

पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "काय झालंय?"

"या संस्थेची साइट बंद पडलीय," हिस्केनं सांगितलं. "या आठवड्यात बऱ्याचदा पडलीय. बाकीच्याही पडत असतील, पण त्या आम्ही नीट मोजत नाही."

पाहुणे कोट चढवून निघून गेले. मोठं काम दुसऱ्या कंपनीला मिळालं. ऑफिसात काही दिवस हिस्केशी कुणी धड बोलेना. कोपऱ्यातला एकजण म्हणाला, "खरं बोलायची एवढी खाज होती, तर आमच्या नोकऱ्यांचा तरी विचार करायचा." हिस्के म्हणाली, "केला. त्या म्हाताऱ्याचाही केला."

डीडरिकनं तिचा त्या भिंतीच्या डॅशबोर्डचा पासवर्ड काढून घेतला आणि तिला मागच्या खोलीत नुसत्या फोनवर बसवलं.

तिनं भांडण केलं नाही. घरी स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याशेजारी, भाच्याचा टाकाऊ लॅपटॉप मांडला. आमच्या गिऱ्हाइकांच्या वेबसाइट जगाला उघड्याच होत्या. त्यांचं दार कुणीही ठोठावावं. तिचा लॅपटॉप दर मिनिटाला ठोठावू लागला, आणि जे उत्तर येईल ते तिनं स्वतःच्या नावानं एका पानावर सर्वांसाठी लावलं. वर ठळक अक्षरांत लिहिलं, "चालू आहे का?" आधी आफ्के बघायला लागली, मग तिच्या सगळ्या परिचारिका, मग बोटीची वाट बघणारे बेटावरचे लोक.

कंपनीच्या वकिलानं पान काढायला सांगितलं. हिस्केनं एका ओळीत उत्तर दिलं, "चूक दाखवा, दुरुस्त करते." चूक कुणाला सापडेना. मग तिला घरी बसवलं, आणि कंपनी तिला काढून टाकायची परवानगी मागायला न्यायालयात गेली.

मी साक्षीला गेलो होतो. न्यायाधीशबाईंनी वकिलाला विचारलं, "त्यांनी कंपनीचा पासवर्ड वापरला का?"

"नाही."

"पानावरची माहिती खोटी आहे का?"

"खोटी नाही, पण कंपनीला हानिकारक आहे."

"मॅडम वाल्डा, तुम्हाला काही सांगायचंय?"

हिस्के उभी राहिली. चांगला निळा स्वेटर घातला होता तिनं. म्हणाली, "मला माझं काम करायचंय. बंद असेल त्याला बंद म्हणायचं, एवढंच माझं काम आहे. ते नको असेल तर मला काढा. पण मी ते वाईट करते म्हणून काढता, असं म्हणू नका."

परवानगी मिळाली नाही.

सोमवारी ती नेहमीच्या वेळेला आली. कोट अडकवला, आणि फोनच्या खोलीकडे न जाता माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. डीडरिकनं काचेतून पाहिलं. अडवायला आला नाही.

वसंतापर्यंत बोटवाल्यांनी आणि परिचारिकांच्या संस्थेनं नवे करार करताना अट घातली, की साइट किती वेळ बंद होती हे हिस्केच्या पानावरून मोजायचं. मग डीडरिकचा नाइलाज झाला. आमचं यंत्र पुन्हा दर मिनिटाला ठोठावू लागलं. भिंत आठवडाभर लालेलाल होती, आणि तेव्हा कुठे वरिष्ठांनी जुने सर्व्हर बदलायला मंजुरी दिली.

डीडरिक एक दिवस कॉफीचे दोन कप घेऊन तिच्या टेबलाशी आला. एक तिच्यासमोर ठेवला. म्हणाला, "आता आपलंही खरं दाखवतो आपण. मग ते तुझं पान आता तरी काढ ना."

"तुमचं खरं आहे ना?"

"अगदी."

"मग माझ्या पानानं तुझं काय बिघडतं?" हिस्के म्हणाली, आणि कॉफीत साखर घालून ढवळू लागली.