आक्कांचे तोडे आणि उद्या सकाळचं ऑपरेशन

"पावणं, करवत पेटीत ठेवा. पायाला हात लावलासा तर मी घरी जातो."

असं म्हणून आक्कांनी दोन्ही पाय चादरीखाली ओढले. उजवा आला. डावा आला नाही, तो हाताने उचलून आत घ्यावा लागला. ऑपरेशन त्याच गुडघ्याचं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी आठला. आणि मी दुपारी चार वाजता त्यांच्या कॉटशेजारी करवत घेऊन उभा होतो.

मी डॉक्टर नाही, चांदीवाला आहे. हुपरीत लोकांच्या घरी बसून पैंजणाला घुंगरं लावत लावत मोठा झालो. आज शिवाजी पेठेत स्वतःचं छोटं दुकान आहे. कुणी हात धरून वर आणलेलं नाही. हॉस्पिटलशी माझा संबंध एवढाच, की पेशंटच्या अंगावरचा दागिना निघत नसला की तिथल्या सिस्टर मला फोन करतात. पूर्वी ते लोक स्वतःच वायर कापायच्या कटरने कापायचे. दागिन्याची पार वाट लागायची. मग तो चेपलेला तुकडा घेऊन नातेवाईक माझ्याकडे यायचे, आणि भांडायचे माझ्याशी. एकदा मी तिथे जाऊन सगळा मजला ऐकेल इतका आवाज चढवला. तेव्हापासून मला बोलावतात.

आक्का पंचाहत्तरीच्या. नवरा आण्णा ऐंशीचे. सीमेकडच्या गावातलं जैन शेतकरी घर, ऊस आणि दोन म्हशी. मुलगा राजगोंडा पन्नाशीचा, व्यवस्थित माणूस. हॉस्पिटलने ऑपरेशनच्या तयारीचा जो कागद दिला होता, त्यावर त्याने एकेका ओळीपुढे टिक केली होती. रक्ताचे रिपोर्ट, टिक. आधार कार्ड, टिक. दात दाखवून या, टिक. नेलपॉलिश काढून या, त्याच्यापुढेही टिक. आक्कांनी उभ्या जन्मात नेलपॉलिश लावलं नव्हतं. शेवटची ओळ होती, सर्व दागिने काढून या. तिच्यापुढे दोन टिका.

"मग हे काय?" सिस्टरांनी पायाकडे बोट केलं.

"हे व्हय? हे तोडं हायत की," राजगोंडा म्हणाला. "दागिनं सगळं काढलं. बुगड्या, पाटल्या, मंगळसूत्रसुद्धा."

त्याचं खोटं नव्हतं. बोटाएवढे जाड, भरीव चांदीचे तोडे आक्कांच्या पायात लग्नापासून होते. घरात कुणी त्यांना दागिन्यात धरतच नव्हतं. घोटा कुणी काढून ठेवतं का?

सिस्टरांनी मला कारण समजावून सांगितलं होतं, ते सांगतो. ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला विजेवर चालणारं एक हत्यार वापरतात. अंगावर धातू असला तर तिथे भाजायची भीती असते. शिवाय अख्खा पाय औषधाने साफ करतात आणि तोड्याखालची जागा साफ होत नाही. ऑपरेशननंतर पाय सुजतो, मग तोडा मांसात रुतणार. थोडक्यात, तोडा आहे तर ऑपरेशन नाही.

मी आक्कांना विचारलं, "मंगळसूत्र काढलंसा, मग तोड्यानं काय घोडं मारलंय?"

"मंगळसूत्र सुनंकडं हाय, उद्या संध्याकाळी परत गळ्यात येतंय. तोडं एकदा काढलं की परत चढत न्हाईत. माझ्या थोरल्या भणीचं असंच काढलं. दवाखान्यात. ती बरी होऊन चालत घरी आली, तवर नातींच्या पायात नवी पैंजणं. कुणाची आटवून केलती?"

"मला काय माहीत?"

"तुझ्यासारख्यानंच आटवली असणार की."

इथे माझं डोकं फिरलं. माझी जुनी ठसठस हीच आहे. तीस वर्षं दुकान चालवतोय. एका गिऱ्हाइकाला खोटं वजन दिलं नाही. तरी माणूस दुकानात शिरतो तो चोराकडे आल्यासारखा. काटा दोनदा बघतो. मी घासत असलो की माझ्या हाताकडे बघतो. डॉक्टरांसमोर लोक डोळे मिटून आडवे होतात आणि माझ्यासमोर डोळे फाडून बसतात. मी पेटी बंद केली आणि सरळ लिफ्टकडे निघालो.

सिस्टर मागून आल्या. "काका, ऑपरेशन करणारे सर बाहेरगावाहून येतात. महिन्यातून एकदाच. उद्या नाव कटलं तर पुढच्या महिन्यावर जाईल. त्यांची शुगर किती मुश्किलीनं खाली आणलीय माहितीय का?"

"त्यांना सांगा."

"सांगितलं. त्या म्हणाल्या, तू अजून लहान हाईस."

तेवढ्यात राजगोंडा आला. तो काही विनवण्या करणारा माणूस नव्हता. एवढंच म्हणाला, "शेट, आई मोरीकडं प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून जाती. मी मागनं ढकलतो. मी शेतावर असलो तर मी येईस्तोवर थांबती."

मी परत फिरलो. दया आली असं म्हणणार नाही. सौदा अर्धा टाकून गेलो तर मला जेवण जात नाही.

स्टूल ओढून आक्कांच्या समोर बसलो. "बोला. काय अट हाय?"

आक्का उठून बसल्या. मला वाटतं, सकाळपासून त्या याच प्रश्नाची वाट बघत होत्या.

"दुखाया न्हाय पायजे."

"कबूल."

"आटवायचं न्हाय. हेच तोडं परत माझ्या पायात."

"कबूल. पण कापावं लागंल. वाकवून काढता येत न्हाय."

हे त्यांना पटेना. तुम्हालाही सांगतो. चांदी तापवली की नरम पडते, मग वाकते. पण पायात असताना तापवणार कशी? आणि न तापवता वाकवली, तर इतकी जुनी चांदी कधीकधी मटकन तुटते, तुटलेली कड कातड्यात घुसते. तोड्याला एका बाजूला तोंड असतं, म्हणजे दोन टोकांमधली फट. वयाने घोटे भरले होते. त्या फटीतून पाय बाहेर येणं शक्य नव्हतं. म्हणून तोंडाच्या बरोबर समोर कापायचं, दोन अर्धी करायची. मग दुकानात नेऊन कापलेल्या जागी बिजागरी बसवायची आणि तोंडाला पेच. दाराच्या कडीसारखं उघडायचं, लावायचं.

"दुकानात न्यायचं?" आक्कांनी तेवढाच शब्द धरला. "मग मी पण येतो."

"आक्का, तुम्ही अॅडमिट आहात," सिस्टर म्हणाल्या.

"मग आण्णा जातील बरोबर. नजर हलवायची न्हाय त्यांनी. आणि करवतीनं भुसा पडतोय तो?"

भुसा म्हणजे चांदीचा चुरा. माझ्या कपाळाची शीर उडायला लागली. तरी मी पेटीतलं स्वच्छ पांढरं फडकं काढलं, पायाखाली अंथरलं आणि म्हणालो, "ह्यात पडंल. कण बाहेर गेला तर माझं नाव बदला."

"नाव मला ठाऊक न्हाय तुझं. बदलून काय करू?"

शेजारच्या कॉटवरच्या बाई हसल्या. सिस्टर हसल्या. मीही हसलो असतो, पण सौद्यात आधी हसणारा हरतो.

कापायला सुरुवात केली. चांदी आणि कातडं यांच्यामध्ये सरकवायला पातळ पण चिवट काहीतरी लागतं. सिस्टरांनी कुणाचा तरी टाकून दिलेला एक्स-रे आणून दिला. त्याची पट्टी कापून आत सरकवली. करवत चालली की धातू तापतो, म्हणून सिस्टर सिरिंजमधून थेंब थेंब पाणी सोडत होत्या. राजगोंडाने पाय धरला होता. आक्का पायाकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होत्या.

उजवा तोडा दहा मिनिटांत सुटला. डाव्याला अर्धा तास लागला. पाय जरा हलला की गुडघ्यातून कळ जायची. आक्का ओठ आवळायच्या आणि मी थांबायचो. शेवटी तोडा दोन तुकडे होऊन फडक्यावर पडला. खालची कातडी गोरी, गुळगुळीत, लहान मुलासारखी होती. आक्कांनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "हितं खाज सुटत हुती. कवापासनं."

आणि करकरून खाजवलं.

मग चार तुकडे आणि ओला चुरा फडक्यात बांधून आण्णांच्या हातात दिला. आण्णांना स्कूटरवर मागे बसवलं. दुकान येईपर्यंत ते गाठोडं पोटाशी धरून बसले. दुकानातही माझ्यासमोर मांडी घालून बसले. सांगितलं होतं तसं, नजर हलवली नाही. मी चहा मागवला, तो त्यांनी न बघता प्यायला.

मी त्यांच्यादेखत चुरा वाळवला, आटवला आणि त्याचीच झाळ केली. झाळ म्हणजे दोन तुकडे जोडायला वितळवून लावतात ती चांदीची मिसळ. ती बिजागरीच्या जोडाला वापरली. म्हणजे आक्कांचा कणन् कण तोड्यातच परत गेला. आण्णांनी मान हलवली. त्यांना पटलं असावं.

तोडे तयार झाल्यावर मी ते डबीत घालायला लागलो. आण्णा पहिल्यांदा बोलले.

"डबी नको. डबी कोण पण घिऊन जाईल. माझ्या हातात घाल."

"हातात?"

त्यांनी दोन्ही हात पुढे केले, बेड्या घालून घ्यायला केल्यासारखे. मनगटं बारीक, पण पंजे उसाच्या मोळ्या बांधलेले. तोडा घालून पेच आवळला तर पंजातून बाहेर पडायची भीती नव्हती. मी दोन्ही घातले, पेच नाण्याने घट्ट केले आणि ते कसे उघडायचे तेही दाखवलं.

रात्री आठच्या सुमारास आम्ही वॉर्डमध्ये शिरलो. ऐंशी वर्षांचे आण्णा, पांढरं धोतर, टोपी आणि दोन्ही हातांत बायकोचे तोडे. अख्खा वॉर्ड उठून बसला. राजगोंडाने तोंड फिरवून घेतलं, खांदे मात्र हलत होते.

आक्कांनी आधी एक तोडा तपासला, मग दुसरा. पेच ओढून बघितला. मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "कसं वाटतंय?"

"जड हाईत गं."

"पंचावन्न वरसं मी वागवलं. आता तुमी वागवा थोडं दिस." मग सिस्टरांकडे वळून, "घ्या गं बाई, काय सही पायजे ती. उद्या कापा गुडघा."

सकाळी आठला त्यांना आत नेलं. आण्णा बाहेर बाकावर बसले होते. मी तिकडे जायचं कारण नव्हतं, तरी दुकान उघडायच्या आधी चक्कर टाकली. आण्णांनी हात जोडून नमस्कार केला आणि तोडे एकमेकांवर आपटून मोठा आवाज झाला. गार्ड धावत आला. दोन तासांनी सिस्टरांचा फोन आला, ऑपरेशन व्यवस्थित झालं.

पुढचं मला त्यांच्याकडूनच कळलं. आण्णांनी अंघोळीलाही तोडे काढले नाहीत. वॉकर धरून चालायची पाळी आली तेव्हा आक्का पाय उचलेनात. फिजिओथेरपिस्टने समजावून बघितलं, राजगोंडाने ओरडून बघितलं. शेवटी आण्णा पुढे जाऊन दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "मी चाललो, तोडं घिऊन." आक्का वॉकर आपटत आपटत दारापर्यंत गेल्या.

दोन महिन्यांनी त्या माझ्या दुकानाच्या चार पायऱ्या काठी टेकत स्वतः चढून आल्या. पायात तोडे होते. मला वाटलं, पेच सैल झाला असेल. तसं काही नव्हतं. बाकावर बसल्या, कमरेच्या पिशवीतून नाणं काढलं, पेच उघडला, घोटा मनसोक्त खाजवला आणि पेच परत लावला.

"दुसऱ्या गुडघ्याची तारीख मिळाली," त्या म्हणाल्या. "एवढंच सांगाय आलो. ह्या येळंला तुझं काय काम न्हाय."

चहा पिऊन गेल्या. त्यांच्या गावच्या तीन म्हाताऱ्या मात्र तोडे कापून पेच बसवायला येऊन गेल्या, त्यातल्या दोघींचं ऑपरेशन वगैरे काही नव्हतं. हॉस्पिटलच्या कागदावरही आता तोडे, जोडवी आणि वाळे असं वेगळं, मोठ्या अक्षरात छापलंय. कुणामुळे छापलंय ते छापलेलं नाही. असो.

तुमच्या घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर माझं एक ऐका. दागिने काढले का, असं तोंडी विचारू नका. काढले, असंच उत्तर येतं. आठ दिवस आधी पेशंटला उजेडात बसवा आणि डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी बघा.