कॅमेरा कल्याणात राहिला

कल्याण स्टेशनावरून मी निघालो त्या सकाळी माझ्याजवळ दोन ट्रंका, एक वळकटी आणि आईने बांधून दिलेल्या दशम्या होत्या. कॅमेरा नव्हता. तो फलाटावर माझी पत्नी यमुना हिच्या हातात होता, आणि तिच्या दुसऱ्या हातावर आमची तान्ही चिमी. गाडी हलली तसे माझे वडील, तात्या, धोतराचा सोगा सावरत दोन पावलं बरोबर चालले आणि थांबले. आईने डोळ्यांना पदर लावला होता. यमुना मात्र माझ्याकडे बघतच नव्हती, वर आभाळाकडे बघत होती. मला फार लागलं ते. पुढे पत्रातून तिने खुलासा केला, की ऊन पुरेसं आहे का ते ती पाहत होती. गाडीचा फोटो काढायचा तिचा बेत होता, पण एवढ्या लोकांसमोर धीर झाला नाही.

हे मी मोंबाशात बसून लिहितो आहे. नव्या रेल्वेच्या कामावर ठाण्या-कल्याणाकडची बरीच माणसं इकडे आली आहेत, आणि त्याहून जास्त माणसं तिकडे त्यांची वाट बघत आहेत. दोघांनाही सांगण्यासारखं माझ्याजवळ एवढंच आहे: प्रवासात न्यायला म्हणून घेतलेला कॅमेरा मी घरी ठेवून आलो, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

आफ्रिकेत नकाशे काढायची नोकरी मिळाली तेव्हा घरात आठ दिवस कोणी धड बोललं नाही. समुद्र ओलांडायचा म्हणजे परतल्यावर प्रायश्चित्त, आणि तोवर आई-तात्यांना जातीतल्या लोकांची बोलणी. तात्या मराठी शाळेत मास्तर होते. नवव्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "जातोस तर जा. पण नुसती पत्रं लिहू नकोस. आम्ही आयुष्यभर वाचतच आलो. काही दाखवता आलं तर बघ." तेव्हापासून माझ्या डोक्यात कॅमेरा शिरला.

ऐपत बेताचीच होती. शिवाय जिथे जायचं तिथे सामान माणसाच्या डोक्यावरून जंगलात जाणार, तेव्हा वस्तू लहान हवी होती. पहिला कॅमेरा पाहिला तो ठाण्यात. एक साहेब विलायतेस परत चालला होता आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव होता. मोठं शिसवी खोकं, पितळी कोपरे, खाली तीन पायांचं तिकाटणं, वर काळा बुरखा. इतका देखणा, आणि मोठा म्हणूनच कोणी घेईना, त्यामुळे स्वस्त. मी त्याच्याभोवती घुटमळत राहिलो. तात्या म्हणाले, "विष्णू, हा तू नेणार, की तुला हा नेणार?" मी बाहेरची वाट धरली.

दुसरा मुंबईत, कोट भागातल्या दुकानात. छोटीशी पेटी, कोटाच्या खिशात मावेल अशी, आत फोटो उमटायच्या काचांऐवजी गुंडाळलेली पट्टी. नुसती कळ दाबायची. तो हातात घेतला तेव्हा वाटलं, हाच. पण पट्टी संपली की ती दुकानाकडे परत पाठवायची, धुऊन ते फोटो धाडणार, आणि दर वेळी नवी पट्टी घ्यायची. आफ्रिकेच्या रानातून ती आगबोटीने यायची, पुन्हा जायची. पेटी एकदा घेता आली असती. तिला पोसणं मला जमलं नसतं.

तिसऱ्या कॅमेऱ्याचा पत्ता तात्यांनीच दिला. ठाण्यातच टेंभी नाक्याजवळ शिरीनबाई म्हणून एक पारशी बाई राहायच्या. त्यांच्या मुलाला तात्या एके काळी मराठी शिकवत. त्यांच्याकडे मिटून पुस्तकासारखा होणारा कॅमेरा होता. तळहाताएवढी काच त्यात बसे. बाईंची नजर अधू झाली होती, म्हणून तो द्यायचा होता. माझी थोरली बहीण ठाण्यातच नौपाड्यात दिलेली, तिच्याकडे यमुना चिमीला घेऊन आलेलीच होती. शिरीनबाईंनी निरोप दिला होता की बायकोलाही आण, एकट्या पुरुषाला मी वस्तू विकत नाही.

त्यांनी आधी मला बसवलं आणि विचारलं, "तू तिथे काय काय काढणार?"

मी उत्साहाने सांगितलं. समुद्र, आगबोट, रान, सिंह दिसला तर सिंह.

"आणि सांजेला तंबूत बसून कोणाचा फोटो बघणार? सिंहाचा?"

बाई हसल्या आणि यमुनेकडे वळल्या. "दीकरी, तू इकडे ये. हा भाता बघ. कातड्याला भोक पडलं तर काय होईल?"

"उजेड आत जाईल," यमुना म्हणाली.

"मग?"

"मग जे नको तेही दिसेल."

कॅमेरा आम्हाला परवडेल अशा बेताने मिळाला. बाईंची अट एकच होती, दोघांनीही शिकून जायचं. चार रविवार आम्ही ठाण्याला जात होतो. अंधारात काच भरायची, झाकण किती वेळ उघडं ठेवायचं ते मनात मोजायचं, लाल दिव्यात काच धुवायची. माझ्या काचा काळ्याकुट्ट तरी निघत नाहीतर कोऱ्या. नकाशात माझी रेघ केसभर चुकत नसे, पण उजेडाचा अंदाज मला येईना. यमुनेला तो आपोआप आला. भाकरी कधी उलटायची हे तिला जसं कळे तसंच हे कळत असावं. कोपीनेश्वराच्या बाजूला तळ्याच्या काठी तिने माझ्या बहिणीचा फोटो काढला. बहिणीच्या नथीतला मोती न् मोती त्यात मोजता येतो.

निघायच्या आदल्या दिवशी मी ट्रंक भरत होतो. कॅमेरा मऊ धोतरात गुंडाळून ठेवला होता. यमुना चिमीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली. तिने आजवर माझ्याजवळ काही मागितलं नव्हतं.

"अहो, एक बोलू? तुम्ही परत येईपर्यंत ही काही पाळण्यात थांबायची नाही."

एवढंच ती म्हणाली. मी धोतराची घडी सोडली.

मोंबाशाहून आमचा तळ आत, रुळांच्या पुढे पुढे सरकत असे. पहिले महिने कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. ताप, लाल माती, पाण्याचा दुष्काळ. पाण्याला इकडे 'माजी' म्हणतात, आणि तो शब्द पहिल्या दिवशीच पाठ झाला. मग एक जाड पाकीट आलं. आत दोन पुठ्ठे, त्यांच्यामध्ये चिमी. कोनाड्याला धरून उभी राहिलेली. मी तिला पाळण्यात पडलेलीच पाहिली होती. पुढच्या पाकिटात तिला दोन दात होते. त्याच्या पुढच्यात आई होती, चुलीपुढे, मान अर्धी वळवून, "पुरे गं आता" असं म्हणत असणार असा चेहरा. आमच्या घरी असा फोटो काढायला कोणा फोटोवाल्याला पाऊल टाकू दिलं नसतं. त्याचं ते तिकाटणं स्वयंपाकघरापर्यंत कधी पोचलंच नसतं. यमुना पदराखालून कॅमेरा काढी, काम उरके आणि पुन्हा पोळपाटाशी बसे.

काचा ती आमच्या बाळंतिणीच्या खोलीत धुवायची. त्या खोलीला खिडकी नाही, दार लावलं की बोटभरही उजेड नाही. आईने सुरुवातीला कपाळाला हात लावला होता. ती औषधं, तो वास, आणि यमुनेच्या बोटांवर काळे डाग, काही केल्या न जाणारे. हळदीकुंकवाला एका बाईने सगळ्यांदेखत विचारलं, "सुनेचे हात हे असे कशाने झाले?" यमुनेने पत्रात लिहिलं की माझी मान खालीच गेली, आणि तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "हात काळे झालेत, तोंड नाही झालं. आणि तुझ्या मुंबईच्या लेकीला तुझा फोटो पाठवायचा असेल तर सांग, ही आता काढून देईल." त्या बाईचा फोटो यमुनेने दुसऱ्याच दिवशी काढला. मग बायका येऊ लागल्या. ज्यांनी कधी परपुरुषासमोर डोक्यावरचा पदर मागे सारला नव्हता त्या आमच्या मागच्या अंगणात नीट बसून फोटो काढून घेत. काच-कागदाचा खर्च त्यांच्याकडूनच निघू लागला. माझी आई, जिला हे सगळं अभद्र वाटलं होतं, ती त्यांच्यासाठी पाट मांडी.

तळावर माझ्या तंबूत पाकीट फुटलं की माणसं जमत. त्यात पांडू नावाचा लोहार होता, डोंबिवलीजवळच्या गावचा आगरी. तो फोटो हातात घेत नसे, लांबूनच बघे. एकदा म्हणाला, "भाऊ, माजे आयचा येल का असा?"

मी यमुनेला लिहिलं. लिहिताना संकोच वाटला, कारण बाईमाणसाने परगावी जाऊन परक्याच्या घरी फोटो काढायचा म्हणजे काय. पण तात्या म्हणाले, मी जातो सोबत. डोक्यावर पागोटं, हातात छत्री, आणि काखोटीला सुनेच्या काचांची पेटी, असे ते तिच्याबरोबर डोंबिवलीला उतरले आणि शेतातून चालत गेले. गावातली पोरं मागे लागली. पांडूच्या आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं, दंडात वाक्या घातल्या आणि खळ्यात उभी राहिली.

"हासू का नको?" तिने विचारलं.

"तुम्हाला वाटेल तसं," यमुना म्हणाली.

"माजा पोर बघंल ना? मंग हासते."

तो फोटो आला तेव्हा पांडूने तो पहिल्यांदा हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला आणि मला म्हणाला, "खल्यात यंदा भात बरा हाय." आणि तंबूबाहेर जाऊन पाठमोरा उभा राहिला.

त्याच फोटोत खाली, म्हातारीच्या पायांपुढे जमिनीवर एक सावली पडली आहे. पागोट्याची आणि छत्रीची. तात्या यमुनेच्या शेजारी उभे होते, कॅमेऱ्यावर ऊन येऊ नये म्हणून छत्री धरून. ते सगळीकडे तिच्याबरोबर गेले, दर वेळी असेच उभे राहिले, आणि म्हणून एकाही फोटोत नाहीत. "माझं काय, मी इथेच आहे, कधीही काढ," असं म्हणत राहिले. पुढच्या पावसाळ्यात तापाने गेले. मला बातमी कळेपर्यंत तेरावं उलटून गेलं होतं. पांडूकडून तो फोटो मी एक दिवसासाठी मागून घेतला. त्याने परत घेतला नाही. यमुनेने त्याला दुसरी प्रत पाठवली.

तात्यांनंतर आई माझ्या बहिणीकडे नौपाड्यात राहायला गेली. जाताना तिनेच यमुनेला सांगितलं, "आता तू त्याच्याकडे जा. मी इथे एकटी नाही, तो तिथे एकटा आहे." जी बाई माझ्या समुद्र ओलांडण्यावर आठ दिवस बोलली नव्हती, तिने सुनेला आणि नातीला स्वतः बंदरापर्यंत पोचवलं.

तोवर माझी मोंबाशाच्या कचेरीत बदली झाली होती. धक्क्यावर मी सकाळपासून उभा होतो. होडी काठाला लागली आणि चिमी मला लांबूनच ओळखू आली. तिचा प्रत्येक दात मला ठाऊक होता. कपाळावरची खोक कधीची, तेही ठाऊक होतं. मी हात पुढे केले. ती यमुनेच्या मागे लपली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तिने मला पाहिलंच नव्हतं. तळावर फोटो कोण काढणार? कल्याणात निघण्याआधी यमुनेने माझा एक काढला होता, पण मी ऐन वेळी हललो आणि चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा धूर आला. घरी तोच दाखवून तिला सांगत, हे बघ बाबा. आता तिच्यापुढे नाक-डोळे असलेला, उन्हाने रापलेला एक परका माणूस उभा होता.

"हे नाहीत," ती आईला म्हणाली.

"हेच आहेत," यमुना म्हणाली. "आता हलत नाहीत." आणि इतक्या दिवसांनी आम्ही दोघं हसलो, तेही भर धक्क्यावर, चार लोकांत.

चिमीला मात्र पटायला वेळ लागला. पहिले काही आठवडे ती माझ्याशी बोलत नसे. "त्यांना सांग, पान वाढलंय," असं आईकरवी चाले. मी बळजोरी केली नाही. मला तिची दोन वर्षं पाकिटातून मिळाली होती, तिला माझी मिळाली नव्हती. शेजारच्या मरियामूशी मात्र तिची लगेच गट्टी जमली. दोघी दिवसभर नारळाच्या करवंट्यांचा खेळ मांडत, आणि चिमी इकडची भाषा माझ्यापेक्षा भराभर बोलू लागली.

एके दिवशी दुपारी मी कामावरून आलो तेव्हा दोघी उंबऱ्यापाशी बसल्या होत्या. मरियामूने मला बघून तिच्या भाषेत विचारलं, हा कोण? चिमीने वरही पाहिलं नाही. करवंटीत वाळू भरता भरता म्हणाली, "बाबा यांगू."

यांगू म्हणजे माझा. बाबा हा शब्द इकडेही तोच आहे.

मी त्यांना ओलांडून आत गेलो आणि पाय धुतले. यमुना दाराआडून ऐकत होती. तिने काळ्या बोटांनी डोळे पुसले आणि मला पाणी दिलं.

आई, नौपाड्यात बसून हे कोणी तुला वाचून दाखवत असेल. तुझे, तात्यांचे, शिरीनबाईंचे उपकार मोजायला बसलो तर हे पान पुरायचं नाही. कोणी विचारलं की तुमचं घर कुठलं, तर अजून माझ्या तोंडून कल्याणच निघतं, आणि ते तसंच निघत राहील. पण इतकी वर्षं कामावरून निघताना मी सोबत्यांना 'बिऱ्हाडी जातो' असं सांगत असे. त्या दुपारनंतर कधी बदललं ते कळलं नाही. हल्ली मी 'घरी जातो' म्हणतो.