आधी रिकामा काटा

बारामतीच्या मंडईत काटेवाले तात्या दिसले की भाजीवाल्या न सांगता तराजू रिकामा धरून दाखवायच्या. सांगवीचे तात्या. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची उभी हयात गेली. काटा शून्यावर आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांनी पावशेर मिरचीही घेतली नाही. लोक हसायचे. मीही हसायचे.

याच खोडीने एक माणूस तुरुंगाबाहेर आला.

ऊसतोड टोळीच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, पोलिसांची धाड पडली. दगडू नावाच्या मजुराच्या कोपीमागे गांजाच्या झाडांचं पोतं सापडलं. पंच म्हणून तात्यांना बोलावलं. पंच म्हणजे गुमान सही करणारा, असा आपल्याकडचा रिवाज! पंचनाम्याचा कागद आधीच लिहून तयार होता. वजन वीस किलोच्या वर. त्या आकड्यापुढे कायदा जामिनाचं दार जवळजवळ लावूनच घेतो.

तात्यांनी आधी रिकामा काटा दाखवायला लावला. मग पोत्यात हात घातला. झाडं मुळासकट उपटलेली, ओल्या चिखलानं माखलेली.

"साहेब, उसाची मोळी घेताना वाढं, पाचट, माती काढून घेत्यात. हितं समदंच तोलताय?"

"अहो तात्या, हा काय ऊस हाय का?"

"न्हाय, म्हणून तर. उसात चुकलं तर एक खेप चुकती. हितं माणूस जाईल."

कायद्यालाही गांजा म्हणून झाडाचे फुलोरे लागतात, मुळं आणि माती नव्हे. तात्यांना ते कलम ठाऊकही नव्हतं. 'मुळ्या, माती व ओल्या दांड्यांसह वजन' ही ओळ कागदावर आली, तेव्हाच त्यांनी सही केली.

मी अमली पदार्थांच्या कायद्याची अंमलबजावणी सुधारा म्हणून पत्रकं वाटणारी. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या ओट्यावर धडकले. "पोतं पोलिसांनीच ठेवलं असं लिहून द्या, तात्या."

"तू बघितलंस?"

"नाही, पण—"

"मी बी न्हाय." मग त्यांनी माझं पत्रक डोळ्यांशी धरलं. "'जुलमी' चारदा हाय, पोरी. वजन कसं करायचं ते कुठं हाय?"

भित्रा म्हातारा, असं रस्ताभर पुटपुटत मी परतले. जामिनाच्या वेळी वकिलांनी कोर्टापुढे ठेवली ती तात्यांची ओळ. माझ्या चार 'जुलमीं'ना कुणी विचारलं नाही. हंगाम संपला तेव्हा जामिनावर सुटलेला दगडू टोळीबरोबर ट्रॅक्टरवर बसून गावी गेला. जाताना त्याची बायको तात्यांच्या पाया पडायला वाकली, तर ते पाय मागे घेत म्हणाले, "खटला अजून हाय. तारखेला हजर ऱ्हा म्हणावं त्याला."

तात्या गेल्या साली गेले. आता आमच्या पत्रकात पहिली मागणी एकच आहे: पंचाला रिकामा काटा दाखवा, माती-मुळ्या वेगळ्या तोला, तसं लिहा. सरकारच्या कानात अजून बोळे आहेत. पण परवा इंदापूर तालुक्यात, शेळगावात धाड पडली. पंच म्हणून बोलावलेल्या बाईनं पदर खोचला आणि साहेबांना म्हणाली, "आधी रिकामा काटा दावा."

तात्यांना तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. आमचं पत्रक वाचलं होतं. त्यात 'जुलमी' एकदाही नाही.